तांग्यातली डावी बाजू

साखर पेठेच्या वळणावर तांगा आला आणि संगप्पाने जोतीरामच्या हलगीवर दोन बोटे ठेवली. हलगी थांबली. वेणीमाधवने पत्र्याचा कर्णा तोंडाशी धरून नुकतेच कुठे 'रसिकहो' म्हटले होते, ते तसेच अर्धवट राहिले.

"आता काय झालं?"

"ते घर बघ की. हातमाग बंद हाय. बायका दारात गप्प बसल्यात. कोणतरी गेलंय बे."

"मग आपण काय करायचं?"

"काय न्हाय करायचं. घर गप्प, तर हलगी गप्प. पुढच्या बोळात गेल्यावर वाजवायची. हे पैलं शिक, बाकीचं मग."

तांगा मुकाट्याने बोळातून गेला. वेणीमाधवने हातातली गुलाबी हँडबिले मांडीखाली दाबून धरली. कामाला लागून त्याला तेव्हा आठवडाच झाला होता, आणि सिनेमाची जाहिरात करणे म्हणजे ओरडणे, एवढेच त्याला ठाऊक होते.

तो टेंभुर्णीचा. मॅट्रिक झालेला, अक्षर मोत्यासारखे, तोंडात संस्कृत सुभाषिते. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि त्या संसारात याचे ताट जरा बाजूलाच पडले. सोलापुरात मोहिनी थिएटरच्या शेठनी त्याला हँडबिले लिहायला ठेवून घेतले. 'पब्लिसिटी मॅन' असे त्या हुद्द्याचे नाव होते. नाव मोठे लक्षण खोटे, असे खाणावळीतले लोक म्हणत, पण वेणीमाधवला तो शब्द आवडे. एकटा असताना खोलीत तो मोठ्याने म्हणूनही बघत असे. एकटा तर तो रोजच असे.

दुसरा पब्लिसिटी मॅन संगप्पा, बाळीवेशीतला. शाळा चौथीत सुटलेली, पण मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारी भाषांत तो सारख्याच सहजतेने लोकांना हसवी. तांग्यात डावीकडे तो, उजवीकडे वेणीमाधव, पुढे तांगेवाल्याशेजारी हलगीवाला जोतीराम. आधी वेणीमाधवने शुद्ध मराठीत दोन वाक्ये म्हणायची आणि मग संगप्पाने त्यांचा तीन भाषांत चुराडा करायचा. लोक हसायचे ते दुसऱ्या भागाला. वेणीमाधवच्या हे लक्षात यायचे, पण वाईट वाटायचे नाही. निदान पहिल्या वर्षी तरी नाही.

दुपारी तांगा बाळीवेशीत थांबे. संगप्पाचे वडील गुरप्पा कट्ट्यावर बसलेले असत. कपाळाला विभूती, अंगात बाराबंदी. त्यांना मराठी जेमतेम येई. तांगा दिसला की ते कानडीत एकच विचारत, "ऊटा आयता?"

जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. उत्तरही संगप्पानेच शिकवले होते, "आयतु." म्हणजे झालं. वेणीमाधवने ते आपल्या टेंभुर्णीच्या सुरात म्हटले की म्हातारा खोखो हसे आणि आत हाक मारी. मग कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही असे ताट समोर येई.

"झालं म्हटलं की मी," वेणीमाधव कुरकुरे.

"आमच्यात आयतु म्हटलेलं कोण ऐकत न्हाय," संगप्पा म्हणे. "म्हणायचं आपलं रीत म्हणून. बस गुमान."

सोलापुरात त्याला जेवलास का विचारणारे एवढेच एक माणूस होते. खाणावळवाला विचारायचा तो फक्त 'भात आणू का', आणि त्यातही आणू नये असा सूर असे.

मग बोलपट आला. शेठनी नवे यंत्र बसवले आणि दोघांना बोलावून सांगितले, "आता पडदाच बोलतो. तांग्यात दोन तोंडं कशाला हवीत? एकेक आठवडा एकेकाने तांगा फिरवा. ज्याच्या आठवड्यात थिएटर भरेल, तो राहील."

बाहेर पायरीवर दोघे थांबले. कोणीतरी हसायला हवे होते. रोज हे काम संगप्पा करी. त्या दिवशी त्यानेही केले नाही.

पहिला आठवडा संगप्पाचा होता. तो हँडबिलांसाठी आला, तेव्हा वेणीमाधव म्हणाला, "वेळ नाही मला." वेळ भरपूर होता. संगप्पाने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितले आणि गेला. हँडबिलावाचून, नुसत्या तोंडाच्या जोरावर त्याने थिएटर असे भरले, की मागच्या रांगेत माणसे उभी राहिली.

वेणीमाधव घाबरला. ही नोकरी गेली तर टेंभुर्णीला परत जायचे, त्या बाजूला पडलेल्या ताटावर. त्याच्या आठवड्याच्या आदल्या दिवशी संगप्पा पुन्हा आला.

"कानडी, तेलुगू कोण म्हणणार? मी येऊ का? मागं बसतो."

"नको. मग लोक म्हणतील, तुझ्यामुळं आले."

"लोक कुटं काय म्हणतात बे? तूच म्हणतोस."

"तसं समज."

त्यानंतर बोलणे बंद झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी संगप्पा थिएटरच्या फाटकाशी येऊन उभा राहिलेला वेणीमाधवने पाहिला. मळका सदरा, डोळे तांबारलेले. थिएटर निम्मे रिकामे जात होते. हा बघायला आला असणार, असे वेणीमाधवला वाटले. त्याने पाठ फिरवली आणि हँडबिले मोजत बसला. मोजून झाल्यावर वळून बघितले, तेव्हा फाटकात कोणी नव्हते.

पाचव्या दिवशी त्याने सारा जोर लावला. बोलपट विनोदी होता. गुलाबी कागदावर ढेरपोट्या माणसाचे चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत 'पोट धरून हसा!' बाळीवेशीचा बोळ त्याने चार दिवस टाळला होता. त्या दिवशीही तांगा मोठ्या रस्त्यानेच चालला होता. श्रावण होता, गावात कुठे भजन तर कुठे पालखी चालूच होती. वळणावर समोरून टाळ आणि ढोल ऐकू आले. माणसे दाटीने चालली होती. डोक्यांच्या वर झेंडूच्या माळांनी मढवलेल्या मखराचा शेंडा दिसत होता.

जाहिरातवाल्याला गर्दी दिसली, की आणखी काही दिसत नाही. सबंध आठवड्यात एवढी माणसे त्याला एका जागी मिळाली नव्हती. आणि संगप्पाचा नियम त्याला तोंडपाठ होता. घर गप्प, तर हलगी गप्प. इथे तर ढोल वाजत होता.

"घाल तांगा मधे," तो तांगेवाल्याला म्हणाला. "जोतीराम, वाजव!"

"मालक, जरा बघू द्या की," जोतीराम म्हणाला.

"बघायचं काय त्यात? वाजव म्हणतो ना!"

जोतीरामने हलगीवर काठी टाकली. वेणीमाधव उभा राहिला आणि कर्ण्यातून ओरडला, "रसिकहो! पोट धरून हसा! मोहिनी थिएटर!" आणि दोन्ही ओंजळींनी हँडबिले उधळली. गर्दी बाजूला झाली. ती त्याच्यासाठी झाली असे त्याला क्षणभर वाटले.

मखरात गुरप्पा बसले होते. ताठ, मांडी घालून, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. लिंगायतांत गेलेल्या माणसाला असे बसवून, सजवून, वाजतगाजत नेतात, हे वेणीमाधवने ऐकले होते. डोळ्यांनी कधी पाहिले नव्हते. एक गुलाबी हँडबिल हलकेच येऊन त्यांच्या मांडीवर पडले.

पुढच्या खांद्याला संगप्पा होता. त्याने खांदा दुसऱ्याला दिला, मागे आला, ते हँडबिल उचलले आणि वाचले. मग त्याची चौघडी घालून खिशात ठेवली. वडिलांच्या अंगाला लागलेली वस्तू रस्त्यावर कशी टाकायची? तांग्याकडे बघत त्याने हवेतच दोन बोटे खाली टेकवल्यासारखी केली. जोतीरामची हलगी कधीच थांबली होती. संगप्पा पुन्हा खांद्याला गेला. शिवी दिली असती, तर वेणीमाधव उडी मारून त्याच्या पाया पडला असता.

"मालक, मी जातो खांद्याला," जोतीराम हलगी ठेवून उतरला. "त्यो परवा आलता की थेटरात तुमास्नी सांगाया. म्हाताऱ्याचं लई झालंय म्हून. तुमी बोलला न्हाय जनू."

वेणीमाधवने पायातल्या वहाणा काढल्या. उतरायचे, एवढेच करायचे होते. पण आपला खांदा तिथे चालेल का, आपल्याला कोणी हात धरून बाजूला काढले तर काय, असा विचार करत तो उभा राहिला. तोपर्यंत मखर वळणापलीकडे गेले. ढोल ऐकू येईनासा झाला. तांगेवाल्याने विचारले, "आता कुटं?"

संगप्पा थिएटरवर पुन्हा आला नाही. "तुझंच नशीब म्हणायचं," शेठ म्हणाले, आणि पब्लिसिटी मॅन एकच राहिला. वेणीमाधव दोनदा बाळीवेशीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. चारचौघांत ओरडण्यावर ज्याचे पोट, त्याला एका माणसासमोर म्हणायचे एक वाक्य जमेना. पहिल्या दिवशी जमले नाही, मग महिन्याने अवघड झाले आणि वर्षाने अशक्य.

चार वर्षे गेली. तांगा रोज फिरतो. वेणीमाधवने मोडकीतोडकी कानडी शिकून घेतली, लोक तिलाही हसतात. तो अजून उजवीकडेच बसतो. डावीकडे हँडबिलांचा गठ्ठा ठेवावा असे तांगेवाल्याने एकदा सुचवले, तर वेणीमाधव त्याच्या अंगावर ओरडला. बाळीवेशीत संगप्पाने घराच्या कट्ट्यावर चुरमुऱ्यांचे दुकान घातले आहे. त्या बोळात हलगी वाजत नाही. तोंडाशी थांबते आणि पलीकडे गेल्यावर सुरू होते.

परवा तांगा तसाच मुकाट चालला होता. संगप्पा दुकानाबाहेर येऊन रस्त्यात उभा राहिला. कपाळाला विभूती. केस थोडे पिकले होते. तांगेवाल्याने लगाम खेचला.

"वाजवा की," संगप्पा जोतीरामला म्हणाला. "हितं आता कोण मेलंय?"

जोतीरामने वेणीमाधवकडे पाहिले. वेणीमाधवने काहीतरी करायचे म्हणून एक हँडबिल पुढे केले. संगप्पाने ते घेतले, वाचले, चौघडी घातली आणि खिशात ठेवले. मग तांग्यातल्या रिकाम्या डाव्या बाजूकडे त्याने जरा वेळ बघितले.

"ऊटा आयता?" त्याने विचारले. आवाज गुरप्पांसारखाच झाला होता.

सकाळपासून वेणीमाधवच्या पोटात चहाखेरीज काही नव्हते.

"आयतु," तो म्हणाला.

संगप्पाने मान हलवली. आत हाक जाईल म्हणून वेणीमाधव तांग्याच्या पायरीकडे सरकला. गिऱ्हाईक आले होते. संगप्पा कट्ट्यावर चढला आणि चुरमुरे मापू लागला. तांगा पुढे निघाला.