माळ्याखालची खिडकी

हिराने मेलेले किडे केरसुणीने गोळा करून सुपलीत भरले. माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून ते खाली गळाले होते; काळे, उडदाच्या दाण्याएवढे, पाय वर करून पडलेले. सुपली तिने दाराशी नेली आणि पावसाळी उजेडात हलवून पाहिली. एकही किडा वळवळला नाही.

"बघ गो स्वाती," ती म्हणाली, "एका रातीत सगळे पडले. कमळीची गोळी लागू झाली."

स्वाती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. तिला पाचवा महिना चालू होता. सुनेने सुपलीकडे पाहिलं आणि ओढणी नाकाला लावली.

"आई, वास येतोय."

"बोंबलाच्या घरात मोगऱ्याचा येनार का?"

"बोंबलाचा वास आता माझ्या ओळखीचा झालाय. हा तो नाय."

हिराने सुपली उकिरड्यावर झटकली. स्वाती बोईसरच्या पलीकडची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. लग्न होऊन सातपाटीत आली तेव्हा पहिले चार महिने ती दारात वाळत घातलेली मासळी बघून ताटावरून उठायची. नळावरच्या बायका त्यावरून अजून हिराला हसत. "तुझ्या सुनेला अत्तर लावून बोंबील वाढ," असं म्हणत. हिरा वरून हसायची, पण ते तिच्या मनात राहिलं होतं.

मागे खिटी वाजली. स्वातीने उठून खाटेच्या उशाकडची लहान खिडकी उघडली होती. पावसाचे बारीक तुषार आत येत होते.

"लाव ती," हिरा म्हणाली. "वर माल हाय. ओल लागली तर पुन्ना किडा धरंल."

"जरा वेळ, आई. डोकं दुखतंय."

"पाऊस थांबू दे. मग उघड."

पाऊस थांबणार नव्हता हे दोघींना ठाऊक होतं. हिराने पुढे होऊन खिडकी लावली आणि खिटी ओढली.

माळ्यावर सुक्या बोंबलाची पोती होती. पावसाळ्याच्या बंदीत मासेमारी थांबली की बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि घरची चूल उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मासळीवर चालते. नवरा गेल्यापासून हिरा हे एकटीने करत आली होती. रूपेश, तिचा मुलगा, बंदीपुरता बोईसरला एका कारखान्यात माल चढवायला जायचा आणि आठवड्याने घरी यायचा. यंदा हिराने पहिलं पोतं सोडलं तेव्हा हाताला बोंबील लागला नाही, भुगा लागला. भुग्यात किडे होते. ऊन असतं तर तिने सगळा माल पुन्हा वाळत टाकला असता. ऊन नव्हतं.

मग शेजारच्या कमळीने गोळ्या आणून दिल्या. कमळीचा भाऊ नामदेव पालघरला धान्याच्या गोदामात कामाला होता. गव्हात ठेवतात त्या गोळ्या. कमळीने त्या चिंधीत बांधून दिल्या, आणि मालावर ताडपत्री घालायला सांगितली. "हाताला ओल नको," ती म्हणाली, "आणि मानूस निजतो तिथं नको ठेवू."

माळ्यावर कोण निजतं? हिराने शिडी लावली, प्रत्येक पोत्यात गोळ्यांची पुरचुंडी खोचली, वर ताडपत्री अंथरली आणि कडांना दगड ठेवले. खाली, त्याच फळ्यांच्या खाली, स्वातीची खाट होती. हिराच्या हिशेबी वरचं वर होतं आणि खालचं खाली. ती स्वतः पुढच्या ओटीवर निजायची.

दुसऱ्या दिवशी एक पाल पडली. ती चुलीच्या बाजूला उताणी पडली होती, पोट पांढरं. झुरळं तर जागोजाग होती. हिराने तीही गोळा केली. घर इतकं स्वच्छ कधी झालं नव्हतं.

स्वातीला उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या महिन्यात थांबलेल्या उलट्या पुन्हा लागलेल्या बघून हिराने तिला आलं-लिंबू चाटवलं. "कुनाकुनाला पाचव्यातपन होतात," ती म्हणाली, आणि मोरीकडे पाणी ओतायला गेली. परत आली तर खिडकी उघडी. तिने ती लावली. जेवणाआधी पुन्हा उघडी होती. तिने पुन्हा लावली, आणि या वेळी खिटीवर मुठीने ठोकलं.

"आई," स्वाती म्हणाली, "दोन दिवस माहेरी जाऊन येऊ?"

"वासाला कंटाळलीस ना?"

स्वातीने बंद खिडकीकडे पाहिलं.

"या वासावर माझा पोरगा वाढला," हिरा म्हणाली. "त्याच्या अंगालापन हाच वास येतो. तो बरा चालतो तुला."

एरवी स्वाती यावर हसली असती, किंवा तिने काहीतरी खमंग उत्तर तरी दिलं असतं. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरा ओटीवरून आत आली आणि थबकली. आता वास तिलाही आला. कुजलेल्या मासळीचा. तिला लाज वाटली. सुनेचं खरं होतं तर, एखादं पोतं नासलं होतं. तिच्या हातचा माल आजवर नासला नव्हता. कमळीला कळायच्या आत ते पोतं काढून टाकायचं म्हणून तिने शिडी लावली.

"मी बघते गो कुठलं नासलंय ते," ती वर चढताना म्हणाली. स्वातीने हुं केलं, किंवा हिराला तसं वाटलं.

दगड सरकवून तिने ताडपत्री उचलली. वासाचा लोट अंगावर आला. तिने पहिलं पोतं सोडलं. बोंबील काडीसारखा कोरडा होता. तो तिने मोडला, कट्कन मोडला. दुसरं पोतं सोडलं. कोरडं. एकेक करत ती शेवटच्या पोत्यापर्यंत गेली. चाळीस वर्षं मासळी हाताळलेल्या तिच्या बोटांना एकही मऊ बोंबील लागला नाही. नासलेलं काहीच नव्हतं.

मग हे कुजतंय काय?

शेवटच्या पोत्यातली पुरचुंडी तिने बाहेर काढली. चिंधीत गोळ्या उरल्या नव्हत्या. करडी राख होती. वास तिथून येत होता.

हिराची छाती आवळली. डोळ्यांपुढे फळ्या हलल्या. पुरचुंडी टाकून ती बसल्या बसल्या सरकत शिडीपाशी आली आणि पायरी चाचपत खाली उतरली. शेवटच्या पायरीवर तिचं लक्ष खाटेखाली गेलं. तिथे एक उंदीर पडला होता. तो माळ्यावरून पडला नव्हता; वर माळ्याच्या फळ्या होत्या, मध्ये खाट होती. तो खालीच फिरत होता आणि खालीच मेला होता, स्वातीच्या चपलांच्या मध्ये.

"स्वाती."

स्वाती हलली नाही. तिचा एक हात खिडकीच्या दिशेने वर गेलेला होता आणि तिथेच उशीवर पडला होता. खिडकी बंद होती. काल जेवणाआधी हिरानेच ती लावली होती.

"स्वाती! ए बाय!"

तिने खिटी ओढली. काल ठोकलेली खिटी फुगलेल्या लाकडात अडकली होती. हिराने वरवंटा उचलला आणि खिटीवर घातला. खिडकी भिंतीवर आपटली. मग तिने स्वातीच्या काखेत हात घातले आणि टोपली ओढावी तशी तिला ओढत ओटीवर आणली. स्वातीचे ओठ निळसर होते. पावसाचं पाणी तोंडावर पडल्यावर तिने एक श्वास घेतला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

"कमळे!" हिरा ओरडली. "कमळे, धाव गो!"

रिक्षा शैलेशची होती, कमळीच्या पुतण्याची. पालघरच्या वाटेवर शिरगाव मागे पडलं. स्वातीचं डोकं हिराच्या मांडीवर होतं, आणि हिरा तिच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. श्वास बोटाला लागला की ती मान हलवायची. मध्येच लागायचा नाही. तेव्हा ती शैलेशच्या सीटवर थाप मारायची.

कमळीने वाकून विचारलं, "कुठं ठेवल्यास?"

"माळ्यावर."

"आनि ही?"

"माळ्याखाली."

कमळीने कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणाली, "हिराबाय, दवाखान्यात काय बोलू नको. पोटुशी हाय, चक्कर आली म्हन. गोळ्यांचं नाव निघालं तर पोलीस येतील. लोक काय म्हनतील ठावं हाय ना? सासूनं औषध घातलं म्हनतील. तुझ्या पोराच्या मनातपन येईल ते. आनि नामदेवची नोकरी जाईल ती वेगळीच."

हिराने स्वातीच्या नाकाखालचं बोट आणखी जवळ नेलं. तिच्या बोटाला श्वास लागत नव्हता. मग लागला.

पालघरच्या दवाखान्यात स्वातीला आत नेलं. एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली.

"काय झालं हिला? काही खाल्लंय का?"

कमळी पुढे झाली. "चक्कर आली, मॅडम. पाचवा महिना हाय."

डॉक्टरीण हिराकडे वळली. "मावशी, तुम्ही सासू ना? घरात काही औषध फवारलं होतं? किड्यांचं, उंदरांचं? काय ते कळलं तर पुढचं करता येतं."

हिराने कमळीकडे पाहिलं. कमळी जमिनीकडे बघत होती. हिराच्या पदराला अजून त्या राखेचा वास होता. नळावरच्या सगळ्या बायका एका रांगेत तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, आणि त्यांच्या मागे रूपेश.

"गोळ्या," ती म्हणाली. "गव्हात ठेवतात त्या. मी ठेवल्या. हिच्या खाटेवर माळा हाय, तिथं. आज तिसरा दिस."

डॉक्टरिणीने आत वळून दोन-तीन शब्द मोठ्याने सांगितले. आतली धावपळ वाढली. मग तिने कागद पुढे ओढला.

"पोलिसांना कळवावं लागेल आम्हाला."

"कळवा."

"त्या घरात आता कोणी आहे?"

"नाय."

"कोणी जाऊ नका. या गोळ्यांच्या वायूवर उतारा नसतो, मावशी. ऑक्सिजन देतोय, सलाईन लावतोय, हृदयावर लक्ष ठेवतोय. खोली तीन दिवस बंदच होती?"

हिराने आतल्या दाराकडे पाहिलं.

"मी बंद करत होते," ती म्हणाली. "ती उघडत होती."

पेन थांबलं. "कितीदा?"

"मी पाठ फिरवली का."

डॉक्टरिणीने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, ते लिहून घेतलं आणि ती आत गेली.

दुपारनंतर हिराला स्वातीजवळ बसू दिलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, हाताला सलाईन. डॉक्टरिणीने पोटावर यंत्र टेकवून इकडे तिकडे सरकवलं. नुसती खरखर ऐकू येत होती. हिराने खाटेचा लोखंडी गज धरला. खरखर चालूच राहिली. मग त्या खरखरीच्या आतून, खूप लांबून होडीचं इंजिन यावं तसा बारीक, घाईचा ठोका आला.

"आज आहे," डॉक्टरीण म्हणाली. "उद्या पुन्हा ऐकू. हिचंही अजून काही सांगता येत नाही. आजचा आणि उद्याचा दिवस जाऊ दे."

निरोप मिळताच रूपेश कारखान्याच्या कपड्यांतच आला होता. दारात कमळीने त्याला काहीतरी सांगितलं असावं, कारण आत आल्यावर त्याने आईला काही विचारलं नाही. तो स्वातीच्या पायांशी उभा राहिला आणि त्याने तिच्या पावलावर हात ठेवला.

हिराने स्वातीच्या अंगावरची चादर सारखी केली. बोलायचं ते तिने बाहेर बोलून टाकलं होतं.

चारच्या सुमाराला पाऊस आडवा झाला. स्वातीच्या उशाशी मोठी खिडकी होती, तिच्यातून पाणी आत येऊन फरशीवर पसरू लागलं. आया पोतेरं घेऊन आली आणि तिने खिडकीच्या दाराला हात घातला.

हिरा उठली. तिने आयाच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे."

"अहो आजी, पाणी येतंय. पेशंट भिजेल."

"नाय भिजनार."

ती खाट आणि खिडकी यांच्यामध्ये जाऊन खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. पाऊस तिच्या पाठीवर येऊ लागला. पदर भिजला, लुगडं पायांना चिकटलं. रूपेशने वळून आईकडे पाहिलं.

स्वातीने डोळे किलकिले केले. तिची नजर आधी खिडकीकडे गेली. ती उघडी होती. मग तिने हिराकडे पाहिलं, बराच वेळ, आणि डोळे मिटले. हिराने बोट तिच्या तोंडावरच्या मास्कजवळ नेलं आणि श्वासाने काचेसारख्या त्या प्लास्टिकवर धरलेली वाफ जाताना आणि पुन्हा येताना ती उभ्या उभ्या बघत राहिली.