रेणुका टीचरचा डाउट

"टीचर, बालाजी इज सीईंग मी!"

सातवीतल्या स्नेहानं उभं राहून तक्रार केली. रेणुका टीचरनं हातातला खडू टेबलावर ठेवला, डोळे मिटले आणि उघडले.

"सीईंग न्हाई, स्नेहा. लुकिंग ॲट. डोळे उघडे असले की आपोआप दिसतं, ते सी. मुद्दाम नजर लावली की लुक. आन् टीव्हीपुढं बसून बघतो, ते वॉच. कितीदा सांगितलं?"

"मग बालाजी काय करायलाय, टीचर?"

"तो आता मार खायलाय!"

वर्ग खदखदून हसला. रेणुकाला मात्र रडू यायचं बाकी होतं. सीमाभागातल्या मन्नाएखेळ्ळी गावची, हायवेलगतची ही इंग्लिश मीडियमची शाळा. मुलं घरी मराठी बोलायची, गल्लीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू. तोंडात तीन भाषा आधीच मांडी घालून बसलेल्या, चौथीला टेकायला जागा कुठली? मुलं पंखा 'ओपन' करायची आणि लाईट 'क्लोज'. आई मला शाळेत 'लीव्ह' करून गेली म्हणायची. एक पालक तर मुद्दाम पेढे घेऊन आले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "मिस, यू लर्न माय सन व्हेरी नाईस." पेढा तोंडात असल्यामुळे रेणुकाला काही बोलता आलं नाही. पण शिकणं कुठलं आणि शिकवणं कुठलं, हे त्यांना सांगावं म्हणून तिचा जीव नुसता तळमळला.

तशी ती स्वभावानं वाईट नव्हती. शब्द नेमका वापरावा, एवढाच तिचा हट्ट. हुमनाबादहून रोज बसनं यायची आणि संध्याकाळी जाताना खिडकीशी डोकं टेकवून स्वतःशीच पुटपुटायची, "से आन् टेल... से आन् टेल..." शेजारी बसलेली बाई अंग चोरून घ्यायची.

शाळेत तिचं खरं सूत जमलं होतं ते मल्लम्माशी. मल्लम्मा शाळेची आया. हळ्ळीखेडहून यायची, सगळ्यांच्या आधी येऊन खोल्या उघडायची. कुणाला बसमध्ये उलटी झाली, कुणाचा गुडघा फुटला, सगळं तिच्याच पदराला पुसलं जायचं. दुपारी ती रेणुकासमोर डबा सरकवायची. "घ्या टीचर, शेंगाची चटणी हाय. तुमच्या भाजीला काय चव न्हाई." रेणुका तिला अक्का म्हणायची, आणि सासरी कुणाला सांगता येणार नाही असं बरंच काही तिलाच सांगायची.

गॅदरिंग झालं आणि दुसऱ्या दिवशी कळलं, ऑफिसातला लॅपटॉप गायब आहे.

स्टेज, मंडप, स्पीकरवाले, पालक, नुसता गोंधळ होता गॅदरिंगच्या दिवशी. कुणीही आत गेलं असतं. पण ऑफिसची किल्ली मल्लम्माकडं असायची, त्यामुळे स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली ती तिच्याच नावानं. संस्थेचे सेक्रेटरी चन्नवीर अण्णा खताचं दुकान सोडून तरातरा आले. त्यांनी सगळ्या टीचरांना कोरे कागद वाटले.

"परत्येकानं लिवायचं, तुमाला काय वाटतंय ते. इंग्लिशमध्ये लिवा. इंग्लिश मीडियमची संस्था हाय आपली. उद्या कुणी फाईल बघितली तर हसू नये."

एकानं लिहिलं, आय डोन्ट नो. बाकीच्यांनी मान वाकडी करून तेच उतरवून काढलं. रेणुकाला ते पटेना. मल्लम्माचं नाव कुजबुजत फिरतंय आणि आपण गप बसायचं? पण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलंही नव्हतं. छातीठोक लिहावं तर पुरावा नाही. तिनं थोडा विचार केला आणि सुरेख अक्षरात एक वाक्य लिहिलं.

आय डाउट दॅट मल्लम्मा टुक द लॅपटॉप.

मल्लम्मानं घेतला असेल असं मला वाटत नाही. ना कमी, ना जास्त. वाक्य पुन्हा वाचून तिला बरं वाटलं. आख्ख्या शाळेत एक क्रियापद तरी आज धड वापरलं गेलं.

दुसऱ्या दिवशी फाटकात मल्लम्मा नव्हती. बसमधनं उतरलेली बालवाडीची मुलं आवारभर पांगली होती आणि मुख्याध्यापक उद्धवराव सर स्वतः त्यांच्या मागं पळत होते.

"मल्लम्मा अक्का आल्या न्हाईत का, सर?"

उद्धवराव सर धापा टाकत थांबले. "काय टीचर, मुद्दाम विचारायलाव का? कालच काढलं की तिला. तुमच्याच कागदावर."

"माझ्या?"

"मग! बाकी समदे गप बसले. तुमी एकट्यांनी धीट होऊन नाव घेतलं. अण्णा लई खूश झाले. म्हणाले, टीचर असावी तर अशी."

"सर, मी लिहिलं की तिनं घेतला असंल असं मला वाटत न्हाई!"

"डाउट म्हणून लिवलाव न्हवं?"

"व्हय."

"डाउट म्हंजे संशय."

"सर, आय डाउट म्हंजे ते खरं असंल असं वाटत न्हाई. संशय घ्यायचा असता तर मी सस्पेक्ट लिहिलं असतं."

उद्धवराव सरांनी गणिताच्या विलास सरांना हाक मारली. विलास सरांनी डोकं खाजवलं. "डाउट म्हंजे शंका की. पोरं रोज म्हणत्यात, सर, डाउट हाय." झालं, तिसराच अर्थ! रेणुकानं कपाटातला जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश ओढून काढला आणि पान काढून सरांच्या पुढं धरलं. त्यात ठळक अक्षरात छापलं होतं: संशय घेणे, शंका असणे.

"बघा," उद्धवराव सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "पुस्तकात बी तेच हाय."

रेणुकानं शब्दकोश असा आपटला की वरची धूळ विलास सरांच्या नाकात गेली.

दुपारच्या सुट्टीत ती तडक चन्नवीर अण्णांच्या दुकानात गेली. अण्णा खताच्या पोत्याला टेकून चहा पीत होते. त्यांनी तिलाही मागवला. तो तिनं बाजूला सारला.

"अण्णा, माझ्या वाक्याचा अर्थ उलटा झालाय. समजा मी म्हणाले, आय डाउट इट विल रेन. म्हंजे काय? पाऊस येईल असं मला वाटत न्हाई. कळलं का?"

"कळलं की. पावसाचा डाउट हाय."

"न्हाई! येणार न्हाई असं वाटतंय."

"तेच मी बी म्हणायलोय, टीचर. पावसाचं काय खरं न्हाई."

रेणुकानं कपाळाला हात लावला. "अण्णा, पावसाचं सोडा. मल्लम्मानं घेतला न्हाई, असं मी लिहिलंय."

अण्णांनी खिशातनं मोबाईल काढला, कागदाचा फोटो मोठा केला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. "मग ह्यात 'न्हाई' कुठं हाय?"

"ते डाउटच्या पोटात हाय."

"पोटात काय हाय ते आमाला कसं दिसावं?" अण्णांचा आवाज आता चढला. "बरं, मला एक सांगा. तिनं घेतला न्हाई, हे तुमाला म्हाईत हाय?"

रेणुका अडखळली. "म्हाईत म्हंजे... बघितलं न्हाई मी, पण..."

"मग डाउटच की!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "आता जावा, पोरं वाट बघत असतील."

रस्त्यावरनं ट्रक धडधडत जात होते. रेणुका दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. ह्या माणसाला काय समजवायचं? सगळं गाव एका बाजूला, शब्दकोश त्यांच्याच बाजूला, आणि इंग्रजी तेवढं तिच्या बाजूला. त्याचा उपयोग शून्य. बरोबर असूनही चूक ठरावं, ह्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यात पाणी उभं राहिलं.

शाळा सुटल्यावर ती हुमनाबादच्या बसमध्ये बसली नाही. विचारत विचारत हळ्ळीखेडला गेली. मल्लम्मा अंगणात सूप घेऊन तूर निवडत होती. तिनं वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. या म्हणाली नाही की बसा म्हणाली नाही.

"अक्का, माझं ऐकून घ्या."

"ऐकले की. सरांनी वाचून दाखवलं. समदे गप होते टीचर, तुमीच लिवलाव."

रेणुका उकिडवी बसली आणि सांगू लागली. डाउट काय, सस्पेक्ट काय, अण्णा कसे चुकले, शब्दकोश कसा अर्धवट. मल्लम्मा तूर पाखडत राहिली. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"मला ते इंग्लिश सांगू नका. माझ्या सुनेपुढं मला चोर म्हणून उभं केल्यात. एकच सांगा. तुमाला काय वाटतंय? म्या नेला का तो लॅपटॉप?"

"न्हाई."

"एवढं झटकन आलं की तोंडातनं. मग तितं कामून न्हाई लिवलाव, न्हाई म्हणून?"

रेणुकाकडं उत्तर होतं, पण ते सगळं व्याकरणाचं होतं. त्या अंगणात ते बाहेर निघेना. मल्लम्मा उठली, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं.

शनिवारी स्टाफ मीटिंग होती. चन्नवीर अण्णा टेबलाच्या टोकाला बसले होते. रेणुकानं उभं राहून एक कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यावर मराठीत, ठसठशीत लिहिलं होतं: मल्लम्माने लॅपटॉप घेतलेला नाही.

"हे मराठीत का?" अण्णांनी विचारलं. "फाईलला इंग्लिश पायजे."

"इंग्लिश मी एकदा देऊन बघितलं."

"बघितलं न्हाई म्हणत होतात न्हवं तुमी? मग एवढं छातीठोक कसं काय?"

"बघितलं न्हाईच. पण त्या बाईला मी वळखते. चुकलं तर माझ्यावर घ्या, मी सही केलीय." रेणुकानं कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. "किल्ली होती म्हणून चोर? किल्ली तर सरांकडं बी होती." उद्धवराव सर दचकून सरळ बसले. "आन् तिला काढायचंच असंल अण्णा, तर मला बी काढा. सातवीला सोमवारपासनं तुमीच शिकवा. सी, लुक, वॉच."

अण्णांनी कागद उलटसुलट करून बघितला. परीक्षा तोंडावर होती आणि मन्नाएखेळ्ळीला इंग्लिश शिकवायला येणारं माणूस शोधून सापडत नव्हतं.

"काय कटकट हाय बाबा," ते वैतागून म्हणाले. "आधी नीट लिवायचं न्हाई, मग आमच्यावर वरडायचं. बलवा तिला परत. आन् लॅपटॉपची तक्रार पोलिसात द्या."

तक्रार दिली गेली. लॅपटॉप काही सापडला नाही.

मल्लम्मा आली. सुनेनं नको म्हटलं होतं तरी आली, कारण बालवाडीची पोरं तिच्याशिवाय बसमधनं उतरत नव्हती. रेणुकाशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. घंटा झाली, टीचर. पाणी भरलंय, टीचर. दुपारी डबा घेऊन ती पायऱ्यांवर एकटीच जेवायची. रेणुका स्टाफरूमच्या खिडकीतनं बघायची, आपली बेचव भाजी चिवडायची आणि कुणावर तरी उगीच चिडायची. बहुतेक विलास सरांवर.

बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मल्लम्मा आपणहून स्टाफरूममध्ये आली, समोरच्या खुर्चीत बसली आणि डब्याचं झाकण उघडलं.

"टीचर, इथनं पुढं कुणाबद्दल काय लिवायचं असलं, तर आधी त्या माणसाला वाचून दावा. त्याच्या भाषेत."

रेणुका म्हणाली, "व्हय अक्का." आणि भाकरीचा तुकडा मोडला.