तात्यारावांचा खाकी सदरा कोर्टात जातो

मित्रांनो, मी एक जुना खाकी सदरा आहे. परभणीच्या बाजारातलं माझं कापड, आणि गुंड्या पितळी. त्यांचा मला अजून तोरा आहे.

तात्याराव मला घालून पत्र्यांच्या कारखान्यात जात. घरांवर घालतात ते राखाडी सिमेंटचे पत्रे तिथे बनत. अ‍ॅस्बेस्टॉसची पोती फोडून यंत्रात ओतायची, हे तात्यारावांचं काम. भुकटी उडायची आणि मी पांढराफटक व्हायचो. "आले बघा पिठाच्या गिरणीतून!" म्हणून शेजारी चिडवत. आम्हालाही हसू यायचं.

पुढे कारखाना बंद पडला नि मी खुंटीला लागलो. तात्यारावांना मात्र चार पावलांत दम लागू लागला. छातीचा फोटो काढला, तर त्याच भुकटीनं फुप्फुसं धरलेली. वकील सुकेशनीताईंनी नुकसानभरपाईचा दावा लावला. मालक म्हणाला, हा माणूस नुसता फाटकावर बसायचा. तेव्हा ताईंनी निरोप धाडला, "मामांचा कामावरचा सदरा आणा. त्यातली धूळ तपासून घेऊ."

तात्यारावांच्या पत्नी सरजाबाई. साहेबापुढे मळका सदरा न्यायचा, हे त्यांना कसं पटावं? त्यांनी मला सोड्यात भिजवलं, दगडावर आपटलं, तांब्यात निखारे भरून इस्त्री केली. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. कोर्टात ताईंनी कपाळाला हात लावला.

"मावशी, धुतला?"

"मंग? कोर्टात घाण न्यायाची व्हय?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तात्यारावांच्या औषधपाण्याचं कसं व्हायचं? पण न्यायाधीशांनी सरजाबाईंनाच विचारलं, "धुण्याआधी यावर काय होतं?"

"पांढरी भुकटी, साहेब. रोज सांजच्याला म्या दारात झटकायची. लय उडायची, नाकातोंडात जायची. शेजाऱ्यायला इचारा."

शेजारी आले. त्यांनी गिरणीची थट्टा शपथेवर सांगितली, आणि निकाल तात्यारावांच्या बाजूनं लागला.

बाहेर सगळे हसत होते. ताई तेवढ्या सरजाबाईंकडे वळल्या.

"मावशी, रोज तुम्हीच झटकत होता?"

"मंग, दुसरं कोन?"

"तुमचाही छातीचा फोटो काढावा लागेल."

माझी घडी घालणारे सरजाबाईंचे हात थांबले. तात्याराव म्हणाले, "ताई, आधी हिचं बघा. माझं औषध ऱ्हाऊ द्या."

मित्रांनो, राबून आलेल्या माणसाची जरूर विचारपूस करा, पण त्याचे कपडे धुणारीलाही विसरू नका. आज मी तात्यारावांच्या अंगावर आहे. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आम्ही दोघं त्या बंद दाराकडे बघतो आहोत. आत सरजाबाईंचा फोटो निघतो आहे.