अकरावा फोटो

हायवेच्या कडेची ब्लूबॉनेटची निळी फुलं शेंगा वाळून बी सांडल्याशिवाय कापायची नाहीत, हे आमच्या टेक्सासात शेंबडं पोरही सांगेल. मी तर अठरा वर्षं याच रस्त्यावर गवत कापायचा ट्रॅक्टर चालवतोय. तरी ईस्टरच्या आदल्या दिवशी मी ऐन बहरातली पन्नास पावलं फुलं भुईसपाट केली. नोकरी जाईल तर जाऊ दे, खड्ड्यात गेली!

गेल्या ईस्टरला माझा थोरला भाऊ मिल्टन तिथेच गेला. दर ईस्टरला नवा फ्रॉक घालून त्याच्या लेकीला, टेसाला, त्याच फुलांत बसवायचं, फोटो काढायचा आणि भिंतीवर ओळीत लावायचा. दहाव्या फोटोत सगळी फुलं मावेनात, म्हणून कॅमेरा डोळ्याला लावून तो मागे मागे सरकत गेला. ट्रकवाल्याला ब्रेक लावायला वेळच मिळाला नाही. टेसा समोर बसून हसत होती.

"अकरावाही तिथेच काढायचा," लव्होनवहिनीने यंदा जाहीर केलं.

"अहो वहिनी, पोरगी झोपेत ओरडते अजून. फुलं काय, चर्चमागेही ढीगभर आहेत."

"पोरं कशी वाढवायची ते तुम्ही नका शिकवू, भावजी. स्वतःचं एक तरी आहे का?"

टेसा खाली मान घालून फ्रॉकचं टोक पिळत होती. मला ते बघवेना. फुलंच नसली तर वहिनी गाडी थांबवणार नाही, असा माझा हिशेब.

ईस्टरला चर्च सुटल्यावर मी त्यांच्या मागोमाग गाडी काढली. वहिनी थांबलीच.

"कुठल्या मेल्याने केलं हे?"

"मी," मी म्हणालो.

ती पाठ फिरवून म्हणाली, "टेसा, बस तिथे."

"मम्मी, टोचतंय गं."

"बस म्हणते ना!"

पोर कापलेल्या थोटकांत बसली. वहिनीने मोबाइल वर धरला. मी कापलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना निळी फुलं उरली होती. ती फोटोत यावीत म्हणून वहिनी एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक.

अरे देवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मम्मी, मागे नको!" टेसा किंचाळली.

मी धावलो आणि वहिनीच्या मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या टाचा रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर होत्या. तिची पाठ माझ्या छातीवर आदळली, तेव्हाच मागून ट्रक गेला आणि माझी टोपी उडाली.

वहिनीने मोबाइल खाली केला. ती वळली नाही.

"त्या दिवशी त्यांच्या मागे कोणीच नव्हतं हो, भावजी," ती म्हणाली. "मी गाडीत बसून लिपस्टिक लावत होते."