प्रयुक्त सामान्य आहे

प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो ती व्यक्ती. ही व्याख्या मिनलच्या जर्नलमध्ये पहिल्याच पानावर आहे. मिनल माझी लहान बहीण, बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेली. प्रात्यक्षिकाला प्रत्येकाने आपापला प्रयुक्त घरून आणायचा असतो, डब्यासारखा. हिंगण्याची कंपनी बंद पडल्यापासून मी घरीच, त्यामुळे तिला शोधावं लागलं नाही.

तीन वर्षांत मी बरंच काही झालो. स्मृतीच्या प्रयोगात वंदना, वय एकोणीस. अवधानाच्या प्रयोगात रुपराव, सेवानिवृत्त, दृष्टी अधू. प्रयुक्त वेगवेगळे हवेत असा नियम आहे आणि आमच्याकडे रिकामा माणूस एकच. ऐकून ऐकून व्याख्या मलाही पाठ झाल्या. चिंता म्हणजे अनिश्चित धोक्याची भीती. ताण म्हणजे मागणी आणि क्षमता यांतली तफावत. आईची एकच व्याख्या आहे: छताकडे पाहत पडून राहणं म्हणजे आळस.

परीक्षेत चिठ्ठी उचलायची असते. मिनलला अवसादाची चाचणी आली. वीस विधानं, प्रत्येकापुढे चार रकाने. परीक्षेत उगाच भानगड नको म्हणून या वेळी मी स्वतःच्याच नावाने बसलो होतो. ऋषिकेश, वय सत्तावीस. विधानं वाचली. झोप लागत नाही. भूक लागत नाही. कशात मन रमत नाही. नववं होतं, 'आपण नसलो तरी कोणाचं काही अडणार नाही असं वाटतं.' इतक्या नीट मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी सगळी उत्तरं खरी दिली. म्हटलं, बेरीज तर करतीलच. बेरीज केली की कोणाला तरी कळेल.

मिनलने बेरीज केली. पुन्हा केली. मग टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"दादा, हे काय करून ठेवलं गा? खरं काहून लिहून राहिला?"

"खरंच लिहायचं असते ना."

"निष्कर्ष 'सामान्य' यायले पाहिजे. मॅडमनं आधीच लिहून दिला आहे. एक्स्टर्नल आले तर काय सांगू त्यायले?"

"सांग, भाऊ आहे."

"मजाक नको करू. हे घे."

तिने खोडरबर सरकवलं. मी खोडलं. नववं दोनदा खोडावं लागलं, पेन्सिल जरा दाबून चालली होती. बेरीज एक्कावन्नवरून सहावर आली. इतक्या लवकर बरा झालेला माणूस मी तरी पाहिला नाही.

बाहेरचे परीक्षक आले, खुर्चीत बसले.

"अवसादाची व्याख्या?"

"अवसाद म्हणजे दीर्घकाळ टिकणारी उदासी, आवडत्या गोष्टींतला रस संपणं, निरर्थकतेची भावना आणि दैनंदिन कामांत घट," मिनल एका श्वासात म्हणाली.

"शाब्बास. एखादं उदाहरण?"

मिनलने फळ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोक्यावरून मागे भिंतीवर टांगलेल्या मेंदूच्या तक्त्याकडे पाहिलं.

"उदाहरण नाही आठवत, सर."

सरांनी एक मार्क कापला आणि माझ्याकडे वळले. "काय हो प्रयुक्त, कसं वाटलं?"

थेट मलाच विचारलं होतं. मिनलची बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट झाली होती.

"मजा आली," मी म्हणालो. सगळ्या जर्नलमध्ये सगळे प्रयुक्त हेच म्हणतात. सरांनी सही केली.

बाहेर ठेल्यावर मिनलने तर्री-पोहा सांगितला. प्रयुक्ताला खाऊ घालायची पद्धत आहे.

"फालतूचा एक मार्क गेला," ती म्हणाली. "ऐन वेळेवर कोणी आठवलंच नाही."

"माझं नाव सांगायचं."

ती इतकी हसली की तर्रीचा ठसका लागला. मी पाणी दिलं.

"तुझं कसं सांगू गा? तू तर सामान्य आहे. सरची सही आहे त्याच्यावर." तिने डोळे पुसले. "खाऊन काहून नाही राहिला?"

"भूक नाही."

"मग मले दे," ती म्हणाली आणि माझी प्लेट ओढून घेतली.