हवेच्या वाटेतले फडके

मित्रांनो, मी एक जुने फडके आहे. तेलकट, एका कोपऱ्यात फाटलेले, बघताच नाक मुरडावे असे. पण माझ्या अंगावरच्या या पुसट निळ्या छत्र्या नीट बघा. त्या दिवशी त्यांनीच मला ओळख दिली. तो दिवस आठवला की अजून माझा धागा न् धागा थरथरतो.

पूर्वी मी एका सुईणबाईंचा ड्रेस होते. त्या टेकडीपलीकडच्या दवाखान्यात बाळंतपणे करत. कळांनी हैराण झालेल्या बायकासुद्धा म्हणायच्या, "बाई, तुमच्या छत्र्या बघून बरं वाटतं हो!" मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे कापड विरले, रंग उडाला आणि बाईंनी मला भावाच्या गॅरेजात देऊन टाकले. भाऊ मिस्त्री. त्यांनी कात्री चालवली आणि माझे फडके झाले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण मिस्त्री फडकीसुद्धा धुऊन, घडी घालून ठेवत. तिथेही माझा मान होता.

मिस्त्रींची एक सवय फार चांगली. पाइप उघडला की आधी त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा बसवायचा. चुकून एखादा नट आत पडला तर इंजिनाचे वाटोळे व्हायचे. एकदा बहिणीचीच टर्बोची गाडी त्यांच्याकडे आली. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. ती हवा ज्या जाड पाइपातून जाते, तो मिस्त्रींनी सोडवला आणि त्याच्या तोंडात मला बसवले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. मिस्त्री ऐटीत सांगू लागले, "माझ्या हातून गेलेली गाडी तक्रार घेऊन परत येत नाही!" बोलता बोलता त्यांनी पाइप जागेवर बसवला, त्याभोवतीची पट्टी आवळली आणि हात पुसले. दुसऱ्या फडक्याला.

मी आतच! मी हबकलेच. आता आठवेल, आता उघडतील, अशी वाट बघत राहिले. आणि इंजिन सुरू झाले.

सपाट रस्त्यावर मी पाइपाच्या तळाशी पडून असायचे आणि हवा माझ्यावरून निघून जायची. पण चढावर बाईंनी पाय दाबला की टर्बो अशी फुंकर घालायचा, की मी फरफटत जाऊन इंजिनाच्या तोंडाशी झडपेला चिकटायचे. पेट्रोल येत राहायचे, हवा मिळायची नाही. मग ठिणगी पडूनही पेट्रोल नीट पेटायचे नाही, गाडी आचके द्यायची आणि तिचा जीवच निघून जायचा. पाय उचलला की मी गळून पुन्हा तळाशी. गॅरेजात मात्र गाडी शहाण्या बाळासारखी चालायची.

"दादा, चढावर गाडी एकदम मरते रे," बाईंनी सांगितले. मिस्त्रींनी यंत्र जोडून तपासले, तर ठिणगी चुकल्याची खूण सापडली. प्लग काळेकुट्ट निघाले, ते बदलले. बाई पुन्हा आल्या. या वेळी ठिणगीच्या कॉइल बदलल्या, टाकीतले पेट्रोल बदलले, पाइप बाहेरून चाचपले. कुठे गळती नाही. बाई पुन्हा आल्या तेव्हा मिस्त्री वैतागले.

"गाडी ठणठणीत आहे, चिमे. तूच गिअर बदलायचा आळस करतेस."

"मला भीती वाटते, दादा. एकदा माझ्या शेजारी बसून तर बघ."

"चल बाई, तुझंही समाधान होऊ दे."

मला दिसत काही नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. टेकडीच्या चढावर पुढे एक ट्रक रेंगाळत होता. बाई मागेच राहिल्या, तर मिस्त्री म्हणाले, "काढ पुढे. काही होत नाही."

बाईंनी पाय दाबला. टर्बो किंचाळला. मी धाडकन झडपेवर आपटले. गाडीने आचका दिला, दुसरा दिला, आणि समोरून बसचा भोंगा आला.

"दाब! अगं, पाय दाब!"

"दाबलाय दादा! पूर्ण दाबलाय!"

ट्रकचे ब्रेक करकचले. ट्रकवाल्याने गाडी जागीच थांबवली म्हणून बाईंना त्याच्या पुढून पुन्हा डाव्या बाजूला शिरता आले. बस इतक्या जवळून गेली की माझा पाइपसुद्धा हादरला.

बाईंनी गाडी कडेला घेतली. मग मिस्त्री स्वतःशीच पुटपुटले, "प्लग काळे... पेट्रोल पुरतंय. हवा पुरत नाहीये." रस्त्याच्या कडेलाच त्यांनी पट्टी सोडवली. बोटे आत आली आणि मी उजेडात आले.

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. "दुसऱ्या कुणाच्या गॅरेजातलं असेल," ते म्हणाले. बाईंनी मला उलगडले.

"दादा, या माझ्या छत्र्या."

मिस्त्रींनी मला हातात घेतले. "चिमे, मीच हे आत विसरलो आणि मीच तुला पुढे काढ म्हटलं."

आता गॅरेजातल्या प्रत्येक फडक्याला लांब, भडक फीत शिवलेली असते. ती पाइपाबाहेर लोंबत राहते, म्हणून कुणी विसरत नाही. मला मात्र पुन्हा कामाला लावले नाही. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेले असते. मिस्त्री गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकताना अधूनमधून माझ्याकडे बघतात.

मित्रांनो, काम संपले की आपण आत काय ठेवले होते ते आधी बाहेर काढा. आणि कुणी भीती वाटते म्हणाले, तर लगेच त्याच्या शेजारी जाऊन बसा. मला तोंड नव्हते, म्हणून मी गप्प राहिले. बाई तर पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.