लाजण्याची तालीम

पॅरिसच्या एका जुन्या, महागड्या फॅशन हाउसची मुख्य डिझायनर सिल्व्हेन हिने शो संपल्यावर पडद्याबाहेर कसं यायचं, याची आठवडाभर तालीम चालली होती. कपडे केव्हाच तयार होते. नम्रता तेवढी जमत नव्हती.

"अगं, अशी दिमाखात काय येतेस? कुणीतरी मागून ढकलल्यासारखी ये," प्रसिद्धीप्रमुख क्लोतिल्द वैतागली. "अर्धा हात वर, की पळ आत. मालकांना लाजरी कलावंत हवीय."

सिल्व्हेनला लाजायचं कारणच सापडेना. बुडतं दुकान तिनेच तर वर काढलं होतं.

शोच्या दिवशीही ती ऐटीतच बाहेर आली. समोर मालकांच्या शेजारच्या खुर्चीत दुसऱ्या कंपनीचा तरुण डिझायनर तिबो बसला होता आणि मालकांचा हात त्याच्या खांद्यावर होता. ती खुर्ची कुणाला देतात, हे अख्ख्या पॅरिसला ठाऊक होतं. सिल्व्हेनचा हात अर्ध्यावरच राहिला, डोळे भरून आले आणि ती आत पळाली.

टाळ्या थांबेनात.

मालक गहिवरून आत आले. "काय लाजलात हो. अगदी असंच हवं होतं," ते म्हणाले. "जायच्या आधी तेवढं तिबोला शिकवून जा."